लेस्टरचा प्रीपेड गॅस मीटर पैसे गिळून राहिला, हिशेब कोणी लावून देईल का?

महालचा वाइंडर:

नमस्कार मंडळी. नागपुरात महालात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात कूलरच्या मोटारी, एरवी शेतावरचे पंप. तीस वर्षं तांब्याची तार गुंडाळून राहिलो, त्यामुळे विजेचा मीटर, युनिट, लोड हे मला कोणी शिकवायची गरज नाही. गॅसचं मात्र आपलं ज्ञान म्हणजे सिलिंडर हलवून पाहा, नाहीतर ओलं फडकं फिरवून ओल कुठवर टिकते ते बघा. त्यामुळे इथे विचारतो.

पोरगी सप्टेंबरपासून इंग्लंडात लेस्टरला एमएस्सी करते. चार पोरींनी मिळून एक जुनं विटांचं, ओळीतलं घर भाड्यानं घेतलंय. एक नाशिकची, एक हैदराबादची, एक केरळची आणि आमची. घरात गॅसचा प्रीपेड मीटर आहे. जिन्याखालच्या कपाटात बसवलेला. एक प्लास्टिकचं कार्ड आहे, ते कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायचं, पैसे भरायचे, घरी येऊन मीटरमध्ये खुपसायचं. पैसे संपले की गॅस बंद. आपण मोबाइलला दहा-दहाचे रिचार्ज मारायचो तसंच.

पहिल्याच दिवशी, १२ सप्टेंबरला, पोरींनी २० पौंड भरले आणि मीटरवर काहीच जमा दिसलं नाही. त्यांना वाटलं कार्ड नीट लागलं नाही. पुन्हा १० भरले, तेव्हा कुठे आठ-साडेआठ दिसले. नवीन जागा, नवीन देश, कोणाला विचारणार? गप्प बसल्या.

ऑक्टोबर बरा गेला. डिसेंबरपासून मात्र आठवड्याला २५ पौंड लागून राहिले. शनिवारी १५, बुधवारी १०. आपल्या पैशात पावणेतीन-तीन हजार, फक्त एका आठवड्याचे! इकडे आमच्या घरी नऊशेच्या घरातलं सिलिंडर दीड महिना जातं आणि त्यात पाहुणेही होतात.

मागच्या शनिवारी तर कहर झाला. १५ पौंड भरून आली, कार्ड लावलं, मीटर दाखवतो ८ पौंड २० पेन्स. बाकीचे गेले कुठे? रात्री साडेबाराला फोन, आवाज रडवेला. मी झोपेत होतो, आणि चूक अशी झाली की म्हणून गेलो, "बाई, अंघोळ जरा लवकर उरकत जा." तिनं "बरं बाबा" म्हटलं आणि दोन दिवस आईशीच बोलली. आता तिची आई माझ्याशी मोजून बोलून राहिली.

घर थंड राहतं म्हणून मीच तिला सांगितलं होतं की भिंतीत ती जी जाळी आहे तिच्यातून वारा येतो, तिथं बोळा कोंब. तोही कोंबला. काही फरक नाही.

एजंटला विचारलं तर तो म्हणतो, "हिवाळा आहे, सगळ्यांचंच असं होतं." मला ते पटत नाही. मोटार गरम होते म्हणून कोणी आलं तर मी "उन्हाळा आहे" म्हणून परत पाठवत नाही. मीटर फास्ट असेल का? गळती असेल का? तिकडे राहणाऱ्या कोणी सांगावं.

मिडलँडकर:

काका, आधी तो बोळा काढायला सांगा. आत्ता, फोन करून. बाकीचं नंतर वाचा.

ती जाळी वाऱ्यासाठीच ठेवलेली असते. गॅस जळतो त्या खोलीत हवा खेळती नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का तेही बघायला सांगा. घरमालकानं दर वर्षी गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाकडून तपासणी करून त्याचा दाखला भाडेकरूला द्यावा असा इथे कायदाच आहे. तो दाखला मागून घ्या.

आता पैशाचं. मी चौदा वर्षं बर्मिंगहॅमला आहे, पहिली पाच वर्षं असल्याच मीटरवर काढली. प्रीपेड मीटरमधून तीन वाटांनी पैसे जातात आणि मीटरवर दिसतो फक्त एकच आकडा. म्हणून माणूस गोंधळतो.

एक वाट जाळलेल्या गॅसची. या हिवाळ्यात एका युनिटला, म्हणजे किलोवॉट-तासाला, ६ पेन्सच्या आसपास. दुसरी वाट स्टँडिंग चार्जची. रोजचे ३० पेन्सच्या आसपास, गॅस वापरा न वापरा. घराला कुलूप असलं तरी तो चढत राहतो. तुमचे पहिले २० पौंड तिथंच गेले असणार. विद्यार्थ्यांची घरं जुलै-ऑगस्टला रिकामी असतात. सत्तर-बाहत्तर दिवसांचे ३० पेन्स जोडून बघा, एकवीस-बावीस पौंड होतात. नवीन माणसानं कार्ड लावलं की मीटर आधी ते वसूल करतो.

शनिवारचे १५ भरून ८.२० का दिसले तेही सांगतो. क्रेडिट संपलं की मीटर थोडी उधारी देतो, इमर्जन्सी क्रेडिट म्हणतात, साधारण ५ ते १० पौंड. पुढच्या वेळी पैसे भरले की आधी ती उधारी वळती होते. पोरींनी ६ पौंड ८० पेन्सची उधारी वापरली होती, तेवढीच कापली गेली. किराणावाला मागचं खातं चुकतं केल्याशिवाय नवीन माल देतो का? तसंच. त्यात चोरी काही नाही.

पण तिसरी वाट आहे ना, तिचा मला संशय येतोय. एक सांगा, ते कार्ड पोरींना कोणी दिलं?

खामल्याचा पक्या:

वाइंडरभाऊ, आपल्याकडे २०२४ मध्ये विजेच्या प्रीपेड स्मार्ट मीटरवरून रान उठलं, तेव्हा मी चौकात बोंबलून सांगत होतो की आधी पैसे आणि मग वस्तू हा धंदाच वाईट. सरकारनं मग सामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही म्हणून जाहीर केलं. तेव्हा तुम्हीच दुकानात बसून मला म्हटलं होतं, "पक्या, मीटर खोटं बोलत नाही, वाचणारा चुकतो." आता बोला!

बाकी पोरीला ओरडू नका राजेहो. तिथल्या थंडीत तुम्ही तर अंघोळच सोडली असती.

आजी, धरमपेठ:

वाचून हसू आलं आणि जुने दिवस आठवले. मी १९७० साली लिव्हरपूलला शिकाऊ डॉक्टर होते. आमच्या खोलीत गॅसची शेगडी आणि तिच्याशेजारी मीटर, शिलिंग टाकायचा. शिलिंग टाकला, खिट्टी फिरवली की तो आत खण्णकन पडायचा आणि शेगडी पेटवायची. पर्समध्ये नोटा असून उपयोग नसे, शिलिंग हवा. रात्रपाळीहून पहाटे यायचं, बोटं बधिर, आणि शिलिंग नाही! शेजारच्या आयरिश नर्सचं दार वाजवायचं. १९७१ च्या फेब्रुवारीत दशमान नाणी आली तेव्हा शिलिंगचे पाच पेन्स झाले, पण मीटरचं पोट काही लहान झालं नाही.

आमची घरमालकीण महिन्याला येऊन पेटी उघडायची आणि नाणी टेबलावर रचून मोजायची. मीटरचा दर तिनंच लावलेला. कंपनीला ती किती देत होती आणि आमच्याकडून किती घेत होती हे आम्ही कधी विचारलं नाही, विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. आता तिथं घरमालकाला स्वतः दिलेल्या दरापेक्षा जास्त दरानं गॅस विकता येत नाही असं ऐकून आहे. तुमच्या मुलीच्या घरचा मीटर कंपनीचा आहे की मालकाचा, ते बघा.

आणि मुलीला सांगा, अंथरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी घे. लिव्हरपूलच्या आठ महिन्यांत मला शेगडीपेक्षा तिनंच तारलं.

महालचा वाइंडर:

बोळा काढला. अलार्म आहे, जिन्यात, पण त्याची बॅटरी मेलेली होती. आजच नवीन टाकली. मिडलँडकर, तुमचे उपकार कसे फेडू सांगा. आपण बापलोक हौसेनं सल्ला देतो आणि पोरं ऐकतात, हे आठवलं की पोटात गोळा येतो.

आजी, मीटर कंपनीचा आहे, चौकशी केली. पिशवीचं सांगितलं, उद्या घेते म्हणाली.

पक्या, दुकानात ये, चहा पाजतो आणि थोबाडही रंगवतो.

आता कार्डाचं. एजंटनं किल्ल्यांच्या जुडग्यासोबतच दिलं होतं. कार्डावर नाव नाही, नुसता नंबर. पोरींना वाटलं घराचंच कार्ड आहे.

मिडलँडकर म्हणाले तीन वाटा, म्हणून मी माझ्या पद्धतीनं काम केलं. गिऱ्हाईक म्हणतो मोटार जास्त करंट खाते, तर आपण आधी तारेभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावतो, अंदाजानं खोलत नाही. पोरीला म्हटलं, एक वही घे. दिवसातून दोनदा मीटरचे दोन आकडे लिहायचे, गॅसचा आकडा आणि पैशाचा आकडा. फोटो काढून मला पाठवायचा. तिला ते काम आवडलं. माझ्याशी बोलायला लागली हे वेगळंच.

आकडे बघा. रविवारी रात्री १० वाजता गॅस २४१७.३, पैसे १५.३२. सोमवारी रात्री १० वाजता गॅस २४२०.९, पैसे १२.६०. म्हणजे २४ तासांत ३.६ घनमीटर गॅस आणि २ पौंड ७२ पेन्स. इथपर्यंत ठीक.

आता मंगळवारी सकाळी ७ वाजताचा फोटो. गॅस २४२१.१. रात्रभरात शून्य पूर्णांक दोन! आणि पैसे? ६.१७. झोपेत ६ पौंड ४३ पेन्स गेले!

मी दुकानात मोबाइलवर तो फोटो तीनदा मोठा करून पाहिला. काच पुसली. सहा म्हणजे सहाच. गॅस हलला नाही आणि पैसे उडाले, तर हा मीटर फास्ट नाही आणि ही गळतीही नाही. हे कोणीतरी मोजून कापून राहिलं आहे.

मिडलँडकर:

काका, तुम्ही दुकान बंद करून इकडे या, इथल्या कंपन्यांना तुमच्यासारख्या माणसाची गरज आहे.

संशय बरोबर निघाला. ६.४३ मधून दिवसाचा स्टँडिंग चार्ज ३० पेन्स आणि दोन दशांश घनमीटरचे १३ पेन्स काढा. उरले बरोब्बर ६ पौंड. तो हप्ता आहे. आधीच्या भाडेकऱ्यानं थकवलेल्या गॅसच्या बिलाचा. कंपनीनं त्याची थकबाकी मीटरवर चढवली, आठवड्याला ६ पौंड कापायचे ठरलं, तो घर सोडून गेला आणि कार्ड किल्ल्यांसोबत मागे राहिलं. पोरी सप्टेंबरपासून त्याचं कर्ज फेडतायत.

मीटरवरचं बटण दाबत गेलं की एकामागून एक पडदे येतात. त्यात एकावर उरलेलं कर्ज आणि एकावर आठवड्याचा हप्ता दिसतो. दोन्हींचे फोटो काढायला सांगा.

मग कंपनीला फोन. आम्ही १२ सप्टेंबरला राहायला आलो, हा भाडेकरार, ही कर्जाची रक्कम, ही आमची नाही. पोस्टकोडवरून कोणाचा गॅस आहे ते शोधता येतं, नाव माहीत नसेल तर. नवीन भाडेकरूनं राहायला आल्याबरोबर कंपनीला कळवून स्वतःच्या नावाचं नवीन कार्ड मागायचं असतं. हे एजंट कधी सांगत नाहीत, पोरांना कळत नाही. दर सप्टेंबरला कोणी ना कोणी यात अडकतं. कापलेले पैसे परत मागायचे, हे आवर्जून. फोनवर हो म्हणाले तरी लेखी घ्या. दाद दिली नाही तर तक्रार नोंदवा आणि आठ आठवड्यांत सुटली नाही तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे, म्हणजे गॅस-विजेच्या तक्रारींच्या लवादाकडे, फुकट जाता येतं. त्याआधी अडलं तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ही सल्ला देणारी संस्था मदत करते, तेही फुकट.

उष्मांक:

मी नागपुरात मेकॅनिकलच्या पोरांना शिकवतो, म्हणून माझी दोन आण्यांची भर. ज्यांना घनमीटर कळत नाही त्यांच्यासाठी: एक घनमीटर नैसर्गिक वायू म्हणजे साधारण ११.२ युनिट. वाइंडरसाहेबांचे ३.६ घनमीटर म्हणजे दिवसाला ४० युनिट, ६ पेन्सच्या दरानं २ पौंड ४२, अधिक ३० पेन्स, झाले २.७२. त्यांच्या वहीशी पेन्सनं जुळतंय. मीटर निर्दोष आहे. (जुन्या घरांत कधी कधी घनफुटाचा मीटर असतो आणि हिशेब घनमीटरचा धरला जातो, तिथे भलताच घोळ होतो. इथे तसं नाही.)

आपलं १४.२ किलोचं सिलिंडर उष्णतेत मोजलं तर १८० युनिटांच्या आसपास भरतं. म्हणजे आपल्याकडे एक युनिट पाच रुपयांना पडतं, आणि तिकडे सहा पेन्स म्हणजे सात रुपयांच्या आसपास. दर ऐकून धक्का बसतो तेवढा लांबचा नाही! फरक खपाचा आहे. या मुली आठवड्याला २८० युनिट, म्हणजे दीड सिलिंडर जाळतात. आपण गॅसवर फक्त पातेलं तापवतो, त्या अख्खं घर तापवतात.

आणि त्या उधळ्या आहेत का? तिथलं नियामक मंडळ, ऑफजेम, यानं २०२३ मध्ये मध्यम वापराचं घर वर्षाला ११,५०० युनिट गॅस धरलं होतं. सरासरी काढली तर आठवड्याला २२० होतात, पण उन्हाळ्यात खप नगण्य असतो, त्यामुळे जानेवारीत हा आकडा याच्या बराच वर जातो. जुन्या विटांच्या घरात चौघींनी २८० मध्ये भागवणं म्हणजे त्या कुडकुडत बसतायत. अंघोळीचा विषय तुम्ही मागे घ्यावा हे बरं.

मिडलँडकर:

उष्मांकसरांचं बरोबर. एक मात्र जोडतो. पूर्वी प्रीपेडवाल्यांना महागडा दर लागायचा, गरिबाकडूनच जास्त घ्यायचे. २०२३ च्या जुलैपासून तो फरक काढून टाकलाय. त्यामुळे मीटर बदलून दर पडेल या आशेवर राहू नका.

बॉयलरचं, म्हणजे रेडिएटरमध्ये फिरणारं पाणी गॅसवर तापवतो त्याचं, टाइमर कुठलं आहे? आणि घरी नसताना हीटिंग चालू राहतं का, ते बघा.

परदेशी पाहुणा:

टाइमर-बियमर काही नको. कमी आचेवर दिवसभर चालू ठेवा. घर एकदा थंड झालं की परत तापवायला जास्त गॅस लागतो. आमच्याकडे सगळे असंच करतात.

उष्मांक:

सगळे करतात म्हणून ते बरोबर होत नाही. घर जितका वेळ गरम, तितका वेळ भिंतीतून उष्णता बाहेर. जुन्या घरात तर जास्तच. माठाला भोक असेल तर तो भरून ठेवल्यानं पाणी वाचतं का?

महालचा वाइंडर:

मंडळी, आठ-दहा दिवस इकडे आलो नाही, माफी. लग्नसराई आहे, दुकानात मिक्सर-मोटारींचा ढीग पडलाय. पण काम झालं, सांगतो.

बटण दाबत गेल्यावर पडदा सापडला. आठवड्याचा हप्ता ६.००. उरलेलं कर्ज १६३ पौंड आणि काही पेन्स. कोण होता तो बाप्पा, देव जाणे. त्याला शिव्या देत होतो, मग वाटलं तोही कोणाचा तरी पोरगाच असेल, थंडीत कुडकुडला असेल. तरी शिव्या दिल्याच.

पोरीनं फोन केला. चाळीस मिनिटं गाणं ऐकवलं. पहिली बाई म्हणाली, कार्ड तुम्ही वापरलं म्हणजे कर्ज तुम्ही मान्य केलं. पोरगी घाबरली आणि फोन ठेवणार होती. पण वही समोर होती. तिनं सरळ वाचून दाखवलं, सोमवारी रात्री २४२०.९, मंगळवारी सकाळी २४२१.१, पैसे एवढे ते एवढे, भाडेकरार १२ सप्टेंबरचा, ईमेल करते, मला लेखी उत्तर द्या आणि तक्रार क्रमांक द्या. मग फोन वरच्या साहेबाकडे गेला. चार दिवसांनी नवीन कार्ड पोस्टानं आलं. ते लावल्यावर कर्जाचा पडदा शून्य. एकोणीस आठवड्यांचे ११४ पौंड पुढच्या दोन रिचार्जमध्ये जमा करतो असं लेखी आलंय, पहिले ५७ आलेसुद्धा. उन्हाळ्याच्या रिकाम्या घराचे ते २० मात्र घरमालकाकडून घ्या म्हणाले. एजंटला तीन ईमेल गेलेत. तो अजून हिवाळ्यातच आहे.

पण मला सांगायचंय ते टाइमरचं.

मिडलँडकरांनी विचारलं म्हणून पोरीला व्हिडिओ कॉलवर बॉयलरपाशी उभं केलं. तिनं झाकण उघडलं आणि मी खुर्चीतच उठलो. पांढरी गोल तबकडी, कडेनं बारक्या बारक्या खुंट्या, पंधरा-पंधरा मिनिटांची एक. अहो, ही तर आपली टाइम स्विचची तबकडी! बोअरच्या पंपाला आणि रस्त्याच्या दिव्यांना आपण हीच बसवतो, माझ्या खणात अशा चार पडल्या असतील. खुंटी आत म्हणजे चालू, बाहेर म्हणजे बंद. मी म्हटलं, "आता सांग, बाणासमोर किती वाजलेत?" ती म्हणते साडेआठ. तिच्या भिंतीवरचं घड्याळ साडेसात दाखवत होतं!

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळं एक तास मागे घेतात. मोबाइल आपोआप मागे गेले, तबकडीला कोण सांगणार? आणि खुंट्या आधीच्या भाडेकऱ्याच्याच. सकाळी ६ ते ८, दुपारी ११ ते १, संध्याकाळी ५ ते १०. एक तास पुढे असल्यामुळे घर पहाटे ५ ला तापायला लागायचं आणि पोरी ७ ला उठेपर्यंत बंद. मग कुडकुडत बटण दाबून पुन्हा चालू करायच्या, आणि कॉलेजला जायच्या घाईत बंद करायचं विसरायच्या. दुपारी सगळ्या कॉलेजात आणि रेडिएटर रिकाम्या खाटांना शेकून राहिले. दुपारी ४ ला पुन्हा तेच, आणि रात्री ९ ला, अभ्यासाला बसल्या की बंद.

व्हिडिओवरच तबकडी फिरवून घेतली. दुपारच्या आठही खुंट्या बाहेर ओढल्या. सकाळी साडेसहा ते साडेआठ, संध्याकाळी सहा ते दहा. नाशिकची पोरगी मागून म्हणाली, "काका, जरा अकरापर्यंत करा ना, माझा थिसिस आहे." एक तास तिचा वाढवला. बॉयलरच्या पाण्याचं तापमान ७५ वर होतं, उष्मांकसरांना फोन करून विचारलं आणि ६० वर आणलं. वापरात नसलेल्या पुढच्या खोलीचा रेडिएटर अगदी कमीवर ठेवला.

वहीत आता रोजचे २.६ घनमीटर येतायत. दोन पौंड आणि वर पाच-सहा पेन्स. शनिवारी मुद्दाम जमा पैसे वेगळे धरून १५ पासून मोजायला लावलं, मंगळवारी रात्री ८.८५ उरले होते.

अंघोळीचा विषय मागे घेतला. तिच्या आईसमोर, स्पीकरवर.

एक शेवटचं विचारतो. त्या आधीच्या भाडेकऱ्याच्या नावाची पाकिटं अजून दर आठवड्याला येतात, काहींवर लाल अक्षरात काही छापलेलं असतं. फाडायची, ठेवायची की उघडून बघायची?

मिडलँडकर:

उघडायची नाहीत. पाकिटावर "हा माणूस इथे राहत नाही, परत पाठवा" असं इंग्रजीत लिहायचं आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकायचं, तिकीट लागत नाही. एक-दोन पाकिटांचे फोटो काढून ठेवा, वसुलीवाला दारात आला तर भाडेकरारासोबत दाखवायला बरे. आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्या तबकडीला परत एक तास पुढे करायचं आहे, वहीत लिहून ठेवायला सांगा.

खामल्याचा पक्या:

वाइंडरभाऊ, माझ्या कूलरच्या टाइमरची तबकडी तुमच्या त्या खणात मागच्या मे महिन्यापासून पडून आहे. तेवढी बघता का?